डाव्या हाताची माशी

माझ्या उजव्या हाताला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेल्या वर्षी दोन महिने मी रोज संध्याकाळी तो हात टॉवेलनं कमरेशी बांधून घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसत होतो, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी माझ्या हाताकडे बघे, मग बायकोकडे. बायको शांतपणे सांगायची, "काही नाही, मासे पकडायची माशी बांधतायत. डाव्या हातानं." यानंतर पाहुणे फार वेळ थांबत नसत.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावानं सगळे ओरडतात तो माणूस. पान्हा, पक्कड, हातोडी, सगळं माझ्या उजव्या हातात. डाव्या हाताला पन्नास वर्षांत दोनच कामं होती, बॅटरी धरणं आणि चहाचा कप सांभाळणं. शिवाय माझा स्वभाव तापट. माझ्याहून तापट माणूस सोलापुरात मला एकच ठाऊक आहे आणि तो माझा मित्र आहे.

त्याचं शुक्रवार पेठेत शिलाईचं दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. तीस वर्षं आम्ही दोघं रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसत आलो. जाताना भांडत जायचं, येताना भांडत यायचं आणि मधले चार तास तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आमची दोस्ती.

तलावावर बाकीचे लोक गळाला कणकेची गोळी लावतात, नाहीतर गांडूळ. मास्तर माशी लावायचा. खरी माशी नव्हे. बारीक गळावर कोंबड्याचं पीस, बोकडाचे चार केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. पाण्यावर तो टेकवला की चिलापी हमखास फसायची, कधी मरळही. ही विद्या त्याला कुणी शिकवलेली नव्हती. तरुणपणी कुणा साहेबाचा कोट उसवायला आला होता, त्याच्या खिशात अशी एक माशी अडकलेली होती. मास्तरनं ती साहेबाकडून मागून घेतली, कोटासारखीच वेढा वेढा उसवली आणि परत बांधली. मी मात्र कधी एकही बांधली नाही. तो बांधायचा, मी त्याला नावं ठेवत वापरायचो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दुकानाचं शटर उघडताना मास्तरच्या हातातून किल्ली पडली. ती उचलायला तो वाकला आणि तिथंच कलंडला. लकवा. उजवी बाजू गेली. जीभ चौथ्या दिवशी परत आली, ते त्यानं सलाइन लावणाऱ्या बाईंना जे ऐकवलं त्यावरून कळलं. पाय दीड महिन्यात आला. हात काही आला नाही. कात्री चालवणारा तो हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर.

डॉक्टर म्हणाले, उजव्याची वाट बघू, पण तोवर डाव्याला कामाला लावा, माणूस एकदा नुसता बसला की बसूनच राहतो. मास्तरनं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर डावा हात चादरीखाली घातला.

"ह्या हातानं माणूस काय करतो तुला ठाऊक हाय की," तो मला म्हणाला. "त्या हातानं भाकरी मोडू व्हय?"

मी म्हटलं, नाइलाज असला तर चालत असेल की. तुझ्या मौलानांना विचार.

"इचारलं. ते म्हनले चालतंय." मग म्हणाला, "मला न्हाय चालत."

त्यामुळे भाभी, म्हणजे त्याची बायको, त्याला भरवायच्या. सकाळ-संध्याकाळ, एकेक घास. एकदा मी न सांगता ऐन जेवणाच्या वेळी गेलो. मला बघताच मास्तरनं तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. भाभी हातात घास घेऊन तशाच बसून राहिल्या. ज्याच्या शिव्या खाऊन पेठेतली निम्मी गिऱ्हाइकं वळणावर आली होती, तो माणूस भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. मी काहीतरी विसरल्याचं नाटक करून जिन्यात आलो. मागून भाभी आल्या. "भाईजान, तुम बोलो ना. तुम्हारी सुनते उनो."

तो आपलं कधी ऐकतो हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. पण त्या दिवशी भीती वाटली, ती खरी. मास्तर मरेल याची नव्हे, डॉक्टरांनी तसं काही नाही म्हणून सांगितलं होतं. तो जिवंत राहील आणि उरलेली सगळी वर्षं भिंतीकडे तोंड करून काढील, याची.

पुढच्या खेपेला मी माशांची डबी घेऊन गेलो. डबीत तीनच उरल्या होत्या, त्यातली एक टकली झालेली.

"संपल्या," मी म्हटलं. "बांधून दे."

"कशानं बांधू? दातानं?"

"डाव्या हातानं."

मास्तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. डोळ्यांत राग होता. मला तो राग बघून बरंच वाटलं, पण पुढं जे बोलला ते ऐकून नाही. "तुजं काय जातंय बोलायला. तुजा उजवा हाय की धडधाकट. तू उजवा बांधून ठीव आन् डाव्यानं एक माशी बांधून दाखीव. मग ये मला शिकवायला. तवर हितं यायचं न्हाय."

मीही तापलो. "दाखवतो," म्हणून उठलो आणि जिना उतरताना लक्षात आलं की मला उजव्या हातानंसुद्धा माशी बांधता येत नाही.

मास्तर गळ डाव्या चिमटीत धरून उजव्यानं दोरा फिरवायचा. मला एकाच हातानं सगळं करायचं होतं, म्हणजे गळ धरायला तिसरं कुणीतरी पाहिजे. ते माझ्या हद्दीतलं काम होतं. कारखान्यातून ड्रिल मशीनचा जुना चक आणला, लाकडी पाटाला बोल्टनं कसला, त्याच्या तोंडात गळ आवळला. शिकंजा तयार. पिसं कोंबडीवाल्याकडून आली. तो म्हणाला, "मांस नको, नुसती पिसं?" मी हो म्हटल्यावर त्यानं पिसं फुकट दिली आणि वेडा बघितल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. रेशमी दोऱ्याचं रीळ भाभींनी मास्तरच्या दुकानातून गुपचूप काढून दिलं.

पहिल्या संध्याकाळी बायकोनं माझा उजवा हात टॉवेलनं कमरेशी बांधला. बांधताना हसत होती. आमच्या घरात तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत हसण्याची तिची एक वेगळीच तऱ्हा आहे. "एमंडी, अहो," ती म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या हाती सापडलात."

डाव्या हाताची मला ओळखच नव्हती हे त्या आठवड्यात कळलं. बोटं माझीच, पण सांगितलेलं ऐकेनात. पीस धरायला जावं तर दोरा सुटे, दोरा धरावा तर पीस उडून वरणात पडे. दोऱ्याचं टोक तोंडात धरायचं आठवून आठवून शिकलो. उजवा हात टॉवेलच्या आत आपोआप हलायचा, मागून ढकलल्यासारखा. दहा दिवसांनी जे तयार झालं त्याला माशी म्हणणं म्हणजे माशीचा अपमान होता. पण पीस गळाला चिकटून होतं, एवढं खरं. रात्रभर ते पाटावर ठेवलं. सकाळी बघतो तो दोरा सैल, फुगलेला, आणि पीस खाली पडलेलं.

परत बांधली. परत सुटली. आवळून बांधली, तरी सुटली. माझा हात कमजोर आहे, पकड नाही, असं मी ठरवून टाकलं. आणि मग, लाज वाटते सांगायला, एक दिवस बायको देवळात गेलेली असताना मी टॉवेल सोडला आणि उजव्या हातानं एक माशी बांधली. तीही काही सुंदर नव्हती, पण टिकली. ती खिशात घालून शुक्रवार पेठ गाठली.

मास्तरनं माशी डोळ्यांजवळ आणायला सांगितली. डाव्या हातात घेतली नाही, मलाच धरायला लावली. दोन क्षण बघितली आणि म्हणाला, "उजव्याची हाय."

"कशावरून?"

"वेढं बघ की. उजव्या अंगानं गेल्यात. डाव्यानं बांधशील तर उलटं जातील." आणि मग अगदी हळू म्हणाला, "मला फसवायला आलास?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून परत आलो. असा शरमिंदा मी शाळेतसुद्धा झालो नव्हतो. ज्याचा हात गेला आहे त्याच्यासमोर मी दोन हात असूनही चोरी केली होती. त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं, सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं पकडलं. उद्यापासून गाठ मी मागं मारते, तुम्हाला सुटणार नाही अशी."

पण मास्तरचं एक वाक्य डोक्यातून जाईना. उलटं जातील. दुसऱ्या दिवशी कारखान्यात दोन नंबरच्या मागावर धागा सारखा तुटत होता म्हणून मी बॉबिनचं सूत हातात घेऊन चिमटीत फिरवलं. हे मी दिवसातून वीस वेळा करतो. एका बाजूला फिरवलं की सुताचा पीळ आवळतो, दुसऱ्या बाजूला फिरवलं की पीळ उघडतो, धागा फुगतो आणि सुटतो. माझ्या चिमटीत धागा फुगला आणि मी तसाच उभा राहिलो. माग चालवणारी बाई म्हणाली, "काय झालं, जॉबर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयुष्य सुताच्या पिळावर काढलं आणि घरी बसून मी हाताला दोष देत होतो. उजव्या हातानं गळाभोवती दोरा गुंडाळला की प्रत्येक वेढ्याला त्याचा पीळ थोडा आवळत जातो. डाव्या हातानं उलटा गुंडाळला की तोच पीळ प्रत्येक वेढ्याला उघडत जातो. दोरा मोकळा होतो, फुगतो, सरकतो. हात चांगला होता. दोरा उजव्या हाताचा होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं अंगण खरोखरच वाकडं निघालं.

मला इतका आनंद झाला की मी त्या मागावर काम करणाऱ्या बाईंना चहा पाजला. दुपारी पीळ देणाऱ्या यंत्रावर थोडं रेशमी सूत उलट्या पिळाचं करून घेतलं. संध्याकाळी बायकोनं गाठ मारली, मी बसलो, आणि डाव्या हातानं बांधलेली माशी पहिल्यांदा सकाळपर्यंत टिकली. मग रोज बांधत गेलो. दिसायला त्या अजून गचाळच होत्या. पण मी चक्क ओढून बघायचो आणि सुटत नव्हत्या.

एका रविवारी सकाळी पाट, चक, पिसं, उलट्या पिळाचं रीळ असं सगळं पिशवीत भरून मी मास्तरकडे गेलो. त्याच्यासमोर भाभींना सांगितलं, "माझा उजवा हात बांधा." भाभींनी ओढणीनं बांधला. मास्तर भिंतीला टेकून बघत होता. मी गळ आवळला, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि सुरुवात केली. घाम फुटला होता. इतका घाम मला लग्नातही फुटला नव्हता.

पीस लावून झालं, केस लावून झाले. शेवटची गाठ आली. ती मला कधीच धड जमलेली नव्हती. दोऱ्याचा फास करून तो बोटानं गळाच्या डोक्यावरून उतरवायचा असतो. माझा फास दोनदा निसटला. तिसऱ्यांदा निसटला.

"अरे खाली दाब!" मास्तर म्हणाला.

"दाबतोय."

"कुटं दाबतोस? बोट आडवं धर. आडवं! न्हाय न्हाय, तसं न्हाय, अरे सुईला धागा घालताना माणूस..." आणि चादरीखालून डावा हात बाहेर आला. त्यानं माझं बोट बाजूला सारलं, फास दोन बोटांत धरला, गळाच्या डोक्यावरून उतरवला आणि ओढला. गाठ बसली. काम वाकडं चाललेलं बघून चाळीस वर्षं शिवत आलेला शिंपी गप्प बसू शकला नाही, एवढंच झालं. मी मुद्दाम चुकलो असं पुढं भाभींना वाटलं. मला तेवढी अक्कल नाही, मला खरंच जमत नव्हतं.

भाभी आणि मी त्या हाताकडे बघत होतो. मास्तरनंही बघितलं. मग रागानं म्हणाला, "ही माशी हाय का कापसाचं बोंड? सोड ती. दुसरा गळ लाव."

दुसरा गळ त्यानं स्वतः बांधायला घेतला. त्याचा उजवा हात मी पाटावर ठेवला, वजन म्हणून, पाट हलू नये म्हणून. तो कुठं अडतो ते मला आधीच कळायचं, कारण मीही तिथंच अडलो होतो. पीस निसटतं तिथं मी म्हणायचो, "आधी टोक थुंकीनं ओलं कर." तो म्हणायचा, "तू गप." आणि टोक ओलं करायचा. दोरा हातात घेतल्या घेतल्या त्यानं विचारलं, "हा पीळ उलटा हाय की रं?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "मी उलटं जातील म्हनलो, तवा तुला हे गावलं?" मी हो म्हटलं. "मग बरं बोललो की मी," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला ओढणीतला उजवाच हात आधी हलला.

त्यानंतर तो रोज बांधू लागला. पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा चांगल्या, महिन्याभरात स्वतःच्या जुन्या माशांच्या जवळ जाणाऱ्या. माझ्या माशा त्यानं एकेक करून उसवल्या आणि गळ परत वापरले. एका रविवारी मी रिक्षा केली आणि आम्ही हिप्परग्याला गेलो. त्यानं काठी डाव्या हातात धरली. मासा काही लागला नाही. मास्तरनं तलावाला, मला, रिक्षावाल्याला आणि वाऱ्याला शिव्या दिल्या. मी खुशीत होतो.

तरी एक गोष्ट तशीच होती. जेवणाची वेळ झाली की हात परत चादरीखाली. माशी बांधायला हात चालायचा, ताटाला नाही. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही. भाभीही बोलल्या नाहीत. पाचर ठोकली तर लाकूड फुटायचं, अशी दोघांनाही धास्ती होती. दुपारचं ताट येण्याच्या बेताला मी उठून जायचो आणि जिन्यात मनाशी म्हणायचो, एवढं आलं तेही कमी नाही.

मग त्याच उन्हाळ्यात, एका दुपारी कारखान्यात मी मागाखाली शिरलेलो असताना भाभींचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत. मनात आलं, दुसरा झटका. मी मागाखालून तसाच सरपटत बाहेर आलो.

"भाईजान," त्या म्हणाल्या. आवाज असा की त्या रडतायत की हसतायत कळेना. सकाळभर मास्तरनं माशा बांधल्या होत्या. मग उठून मोरीत गेला, डावा हात साबणानं कोपरापर्यंत धुतला, परत धुतला, येऊन ताटासमोर बसला. भाभींनी घास करायला हात पुढं केला, तर म्हणाला, "तू सरक." आणि भाकरी मोडायला लागला. मोडायला वेळ लागला. सालन शर्टावर सांडलं. भाभी उठून मदत करणार, तर त्यानं डोळे वटारले.

मी विचारलं, "मग आता?"

"अबी खाको सोए उनो." मागं भांड्यांचा आवाज आला. "भाईजान, आज मैं बी गरम रोटी खाई."

इतक्या महिन्यांत मी त्या घरी कितीतरी वेळा चहा प्यायलो, जिन्यात उभा राहून मास्तरची काळजी केली. पण त्याला शेवटचा घास भरवून होईपर्यंत भाभींचं ताट रोज निवत होतं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.